स्पोर्ट्स कारला इतकी वर्षं का लागतात? सोलापुरातल्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न सोलापुरातल्या एका मुलाचा आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरी यंत्रमाग आहेत. त्याने विचारलंय ते थोडक्यात असं: "सर, नवी लक्झरी स्पोर्ट्स कार बाजारात आणायला कंपन्यांना पाच-सहा, कधी दहा वर्षं लागतात. ताकदीचं इंजिन आणि देखणी बॉडी एवढं जमलं की गाडी झाली ना? मग वेळ आणि पैसा जातो कुठे? आणि सोलापुरात बसून या कामाची तयारी करता येते का?"

मीही सोलापूरचाच. पूर्व भागात वाढलो, वडील चादर कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे, होते. गेली सत्तावीस वर्षं गाड्यांच्या सांगाड्याचं काम करतोय, त्यातली शेवटची बारा कार्बन फायबरची. चार ओळींत उत्तर देणार होतो, पण 'इंजिन आणि बॉडी एवढं जमलं की झालं ना' हे तुझं वाक्य मनातून जाईना. या कामात येणारी बहुतेक मुलं हीच समजूत घेऊन येतात आणि पहिली दोन-तीन वर्षं ती खोडण्यातच जातात.

सुरुवात इंजिनापासून होत नाही. ती होते चालवणाऱ्याच्या खुब्यापासून. मांडी आणि कंबर जिथे जोडली जाते तो बिंदू आम्ही कागदावर सगळ्यात आधी ठेवतो. तो एकदा ठरला की डोळा कुठे येणार ते ठरतं. डोळ्यावरून काच, डोक्यावरून छत, पायावरून पेडल आणि पेडलवरून पुढच्या चाकाची जागा ठरते. साध्या हॅचबॅकमध्ये आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो. स्पोर्ट्स कारमध्ये पाय लांब करून, जवळजवळ सतरंजीवर टेकल्यासारखे. खुबा खाली नेला की छत खाली येतं, वजनाचा मध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते. पण मग पाय पुढे पसरतात आणि नेमके तिथेच पुढचं चाक वळायला जागा मागतं. म्हणून कितीतरी महागड्या गाड्यांमध्ये पेडल थोडे तिरके, एका बाजूला सरकलेले असतात आणि तासाभरात कंबर बोलू लागते. डिझायनर गॉर्डन मरे यांनी १९९२ च्या मॅकलारेन एफ-१ मध्ये चालकालाच गाडीच्या मधोमध बसवलं. दोन्ही चाकांच्या मधली मोकळी जागा पायांना मिळाली, पेडल सरळ आले, बाकीचे दोघे दोन बाजूंना जरा मागे बसले. लोकांना तो दिमाख वाटतो. मला तो मिलिमीटरच्या भांडणावर काढलेला सगळ्यात सुंदर तोडगा वाटतो.

या मांडणीला आम्ही 'पॅकेज' म्हणतो. इंजिन कुठे, गिअरबॉक्स कुठे, टाकी कुठे, दोन सुटकेस कुठे, सगळं यात येतं. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरात बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलं आणि पुढची कित्येक वर्षं त्या वर्गातल्या गाड्यांचा आकारच बदलला. बघणाऱ्याला तो आकार चित्रकाराने काढलाय असं वाटतं. अर्धा आकार इंजिनाच्या जागेनेच काढलेला असतो.

मग येते माती. संगणकावर सगळं होत असताना अजूनही पूर्ण मापाची मातीची गाडी करतात, आणि मला ते मनापासून पटतं. ही माती म्हणजे औद्योगिक क्ले. ओव्हनमध्ये साठेक अंशांपर्यंत गरम करतात, फोमच्या साच्यावर अंगठ्याने दाबत थापतात. थंड झाली की ती घट्ट होते आणि मग पात्यांनी तासतात. पृष्ठभाग कसा बघायचा हे शिकायचं असेल तर एक कर. डेंटिंग करून आलेली गाडी गॅरेजात ट्यूबलाइटखाली उभी कर आणि दारावर पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघत हळूहळू चालत जा. जिथे पुटी भरलीय तिथे प्रकाशाची रेघ किंचित दचकते. रंग तोच, चमक तीच, हाताला काही लागत नाही, पण रेघ दचकते. नव्या गाडीच्या प्रत्येक पॅनेलवर ती रेघ एका दमात वाहावी म्हणून माणसं महिनोन्‌महिने बसतात. रेघ तुटली नाही एवढ्याने भागत नाही. तिच्या वळणाचा वेगही एकदम बदलता कामा नये.

आणि त्याच रेघेवर हवा आपला हक्क सांगते. १९९८ मध्ये आलेली पहिली ऑडी टीटी आठव. गोल, गुळगुळीत, आजही देखणी दिसते. पण जर्मनीच्या महामार्गांवर फार वेगात असताना तिचा मागचा भाग हलका पडायचा आणि अचानक लेन बदलताना किंवा वळणावर अपघात झाले. कंपनीने नंतर मागच्या झाकणावर छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, गाडी घसरू लागली की सावरणारी ईएसपी यंत्रणा दिली. त्या छोट्याशा पट्टीने मूळ रेघ मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती. गाडीवरून जाणारी हवा विमानाच्या पंखावरून जाते तशीच जाते, म्हणजे ती गाडीला वर उचलते. शंभरच्या वेगाला कळत नाही, अडीचशेला कळतं.

हवेचा हिशेब तू स्वतः कर, तोंडी ऐकून पटत नाही. ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे आकाराला होणाऱ्या हवेच्या रोधाचा गुणांक, ०.३३ धर, समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला साधारण ११-१२ अश्वशक्ती लागते. ३०० किलोमीटरला? तिप्पट नाही. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, शक्ती घनाने, म्हणजे सत्तावीस पट. उत्तर येतं तीनशे अश्वशक्तीच्या आसपास, आणि ही फक्त हवेची. नुसत्या मोठ्या इंजिनाने हे कोडं सुटत नाही ते यासाठी. मोठं इंजिन म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे मोठे रेडिएटर, रेडिएटरला हवा हवी म्हणून पुढे मोठी तोंडं, आणि प्रत्येक तोंड म्हणजे पुन्हा रोध. २००५ च्या बुगाटी वेरॉनमध्ये १००१ अश्वशक्तीसाठी दहा रेडिएटर बसवावे लागले. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर काढावी लागते. ही गाडी बनवणं म्हणजे खरंतर उष्णता काढण्याची वाट बनवणं आहे.

इथे आपलं गाव कामाला येतं. मे महिन्यातली दुपार घे, ४३ अंश. समुद्रसपाटीपासून आपण सुमारे ४५० मीटर वर. थंड देशातल्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा आपली ती दुपारची हवा तेरा-चौदा टक्के विरळ असते. रेडिएटरमधलं पाणी १०५ अंशांवर असेल तर २५ अंशांच्या हवेत ८० अंशांचा फरक मिळतो, आपल्याकडे ६२ चाच. म्हणजे तोच रेडिएटर पावहिस्सा काम कमी करतो, त्यात हवा विरळ. आणि गाडी तीनशेने धावत नसते, सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असते. मग सगळा भार पंख्यावर. युरोपात आखलेली गाडी गरम वाळवंटात नेऊन तपासतात ती याचसाठी. वर्षांमधला एक मोठा हिस्सा इथे जातो, कारण उन्हाळा वर्षातून एकदाच येतो. एका उन्हाळ्यात सापडलेली चूक दुरुस्त झाली की नाही हे बघायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो. हवी तेवढी गरम हवा सोडणाऱ्या चाचणीच्या बोगद्यांमध्ये आता बरंच होतं, पण शेवटची सही रस्त्यावरच होते.

ब्रेकचंही असंच. १५०० किलोची गाडी ३०० वरून थांबवायची तर सुमारे ५२ लाख ज्यूल ऊर्जा चार तबकड्यांमध्ये शिरते. तेवढ्या उष्णतेत पंधराएक लिटर गार पाणी उकळीला येईल. हे काही सेकंदांत, आणि पुढच्या वळणाला पुन्हा. म्हणून कार्बन-सिरॅमिक तबकड्या. त्या बिडाच्या तबकडीच्या निम्म्या वजनाच्या असतात आणि तापून मऊ पडत नाहीत.

आता माझ्या कामाकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे.

गाडीचा सांगाडा पिळला जातो. एक चाक खड्ड्यात, समोरच्या कोपऱ्यातलं उंचवट्यावर, की अख्खी गाडी ओल्या कपड्यासारखी पिळ घेते. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा कितीही चांगल्या असोत, सांगाडा मऊ असेल तर तोच पाचवी स्प्रिंग होऊन बसतो, आणि त्या स्प्रिंगेला डँपर, म्हणजे हेलकावे शमवणारा भाग, नसतो. सांधे ढिले झालेली बाज आठव. सुंभ कितीही घट्ट आवळ, झोपणाऱ्याला बाज डुगडुगतेच. म्हणून सांगाड्याचा पिळाला असलेला ताठपणा आम्ही न्यूटन-मीटर प्रति अंश असा मोजतो. चांगल्या स्पोर्ट्स कारला तो तीस हजारांच्या वर हवा. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्यावर तीन टन वजन टांगलं तर सांगाडा फक्त एक अंश पिळावा. बुगाटी शिरॉनचा आकडा ५०,००० आहे. आणि हे सगळं वजन न वाढवता. पाणी १ धरलं तर पोलादाची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७, कार्बन फायबर-रेझिनची १.६ च्या आसपास.

१.६ हा आकडा वाचून मुलं हुरळतात. पोलादाची पट्टी काढायची, तिथे कार्बनची चिकटवायची, झाली गाडी हलकी. इथेच सगळे फसतात. ते का, हे समजायला घरातली एक जुनी सोलापुरी चादर घे. एक टोक तू धर, एक भावाला दे. आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा. हलत नाही. बाण्याच्या, आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा. थोडी हलेल, पण धरून ठेवेल. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरकी ओढा. बघ काय होतं. चादर हातभर लांबते, मधली नक्षी शंकरपाळ्यासारखी तिरपी होते, आणि सोडली तरी पूर्ण सरळ होत नाही. चादर तीच, धागे तेच. पण तिरक्या दिशेने धागाच नाही, मग धरणार कोण?

पोलादाला दिशा नसते. ते सगळीकडून सारखंच धरतं. कार्बनचा तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. अशा बारा हजार तंतूंची एक पट्टी होते, आणि ती फक्त आपल्या लांबीच्या दिशेने जबरदस्त धरते. आडव्या दिशेने जे काही धरायचं ते रेझिनने, आणि रेझिन म्हणजे शेवटी प्लास्टिक. सांगाडा पिळला जातो तेव्हा त्याच्या भिंतींत ताण कुठल्या दिशेने धावतो? तिरका. पंचेचाळीस अंशांवर, दोन्हीकडे. म्हणून पिळ सोसणाऱ्या भागात थर उभे-आडवे रचून चालत नाहीत, तिरके रचावे लागतात. जिकडे ताण तिकडे धागा. माझं सत्तावीस वर्षांचं काम या चार शब्दांत बसतं, आणि वडिलांना ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे लेक्सस एलएफए. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा मागांच्या मागे लागला होता. १९०६ मध्ये त्याने गोल माग शोधला. १९२४ मध्ये त्याने असा स्वयंचलित माग केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा आणि आडवा धागा नेणारा धोटाही चालू मागावरच बदलला जायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. तीच टोयोटा २००० साली लेक्सस नावाखाली दहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार करायला बसली. सांगाडा आधी ॲल्युमिनियमचा ठरला होता, चाचणीच्या गाड्याही धावत होत्या. २००५ च्या सुमारास, एवढं सगळं झाल्यावर, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि कार्बन फायबर घेतलं. साधारण शंभर किलो वाचले. पण समोरच्या काचेच्या खांबापासून छताच्या कडेला जाणारा भाग पोकळ, वाकडा आणि जागोजागी जाडी बदलणारा होता. कापडाचे तुकडे कापून, एकावर एक चिकटवून तो नीट होईना. तेव्हा त्यांनी स्वतःचा गोल माग बनवला. साच्याभोवती कार्बनचे धागे फिरत फिरत, ताण जाईल त्या कोनात विणले जायचे. पणजोबाचा माग पणतूच्या गाडीत परत आला. कारखान्यात त्या मागाचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मी ते वडिलांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघितलं आणि धाग्याच्या नळ्यांबद्दल एवढंच विचारलं, "कांड्या कोण भरतं?"

आता तुझा वेळेचा प्रश्न बघ. २००० साली सुरू झालेली ती गाडी २००९ च्या अखेरीस टोकियोत लोकांसमोर आली. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत फक्त पाचशे गाड्या बनल्या, महिन्याला वीस. दहा वर्षांच्या खर्चाला पाचशेने भाग. किमतीचं कोडं तिथे सुटतं.

वर्षं कशात जातात त्याचा माझ्या हातून गेलेला एक नमुना सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी आम्ही कमी संख्येच्या स्पोर्ट्स कारचे कार्बनचे भाग करत होतो. दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, सव्वा मीटर लांब. उजवी आणि डावी एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. रेझिन लावलेलं कापड, प्रीप्रेग, उणे १८ अंशांवर साठवतात, आंबवलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवतो तसं. नाहीतर ते आपोआप पिकतं. ते बाहेर काढून, कापून, साच्यात एकेक थर ठरलेल्या कोनात लावायचा, मग ऑटोक्लेव्ह या बंद भट्टीत दाबाखाली भाजायचं. उजवे भाग निर्दोष आले. डावा भाग आला तोही आरशासारखा चकचकीत. कोणालाच शंका आली नाही. मी तो ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला, तीन कोपरे टेकले, चौथा चार मिलिमीटर वर. दाबला की टेकायचा, सोडला की उठायचा, टक् टक् आवाज करत. एकामागून एक सहा डावे भाग तसेच निघाले.

साचा तपासला, भट्टीचं तापमान तपासलं, आठ दिवस गेले. त्या रविवारी घरी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "कापड एका कोपऱ्याला खेचतंय म्हणजे कुठलातरी धागा उलटा गेलाय." दुसऱ्या दिवशी एक भाग जाळून, रेझिन उडवून थर वेगळे केले. सातवा थर उणे पंचेचाळीसच्या जागी अधिक पंचेचाळीसला होता. कापायचा टेम्प्लेट पालथा धरला गेला होता. थरांची रचना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असेल तरच थंड होताना भाग सरळ राहतो. एक थर चुकला तर आतले ताण एकमेकांना फेडत नाहीत आणि भाग पिळ घेतो. चूक एवढीशी. पण त्या सहा भागांवर धडक-चाचणीच्या गाड्या थांबल्या होत्या, त्या गाड्यांवर चाचणीकेंद्राची तारीख थांबली होती, आणि ती तारीख परत मिळायला दहा आठवडे लागले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टेम्प्लेटचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, म्हणजे पालथा धरला तर बसतच नाही.

धडक-चाचणी म्हणजे हाताने महिनाभर खपून केलेला सांगाडा एका क्षणात मोडायचा. समोरून, कडेने, खांबावर, मागून. गाड्या पाचशे करा की पाच लाख, चाचण्यांची यादी जवळपास तीच. कार्बन पोलादासारखं वाकत नाही, ते चुरा होत ऊर्जा गिळतं. तो चुरा सुरळीत व्हावा, एकदम फुटू नये, हे जमवायला थरांची रचना कित्येकदा बदलते. म्हणून बरेच जण माणसं बसतात ती मधली टोपली कार्बनची आणि पुढे-मागे चिरडणारे भाग ॲल्युमिनियमचे ठेवतात. मला हीच वाट शहाणपणाची वाटते. अपघातानंतर पुढचा भाग बदलता येतो, टोपली वाचते.

लक्झरीबद्दल लोक समजतात की चामडं लावलं की झालं. नुसती रेसची गाडी करणं त्या मानाने सोपं. ती कर्कश असली तरी चालते. इथे गिऱ्हाइकाला तीच गाडी रात्री जेवायला न्यायची असते. शंभर किलो वाचवायला दहा वर्षं घातलेली असतात आणि जाड काच, आवाज शोषणारी गादी, आसनाच्या मोटरी मिळून ते परत मागतात. म्हणून हुशार लोक आवाज मारत नाहीत, निवडतात. एलएफएचं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जायचं, आणि रिकामं असताना तिथे ०.६ सेकंदात पोचायचं. काट्याला तेवढा वेग झेपणार नाही म्हणून फेऱ्या मोजणारी तबकडी पडद्यावर दाखवली. त्या इंजिनाचा आवाज यामाहाच्या लोकांनी घडवला. वाद्यं बनवणाऱ्या घराण्यातली कंपनी ती. हवा आत ओढणाऱ्या पेटीचा आकार आणि तिथून केबिनपर्यंतची वाट अशी केली की नको तो घरघराट बाहेर राहिला आणि सूर आत आला.

शिवणीबद्दलही सांगतो, कारण ते तुझ्या घराच्या धंद्याजवळचं आहे. आसनाच्या कडेला एअरबॅग असते, आणि ती चामड्याची शिवण फाडून बाहेर यायची असते, तेही काही हजारांश सेकंदांत. म्हणून त्या एका शिवणीचा दोरा मुद्दाम ठरावीक ताणाला तुटणारा घेतात, टाक्यांची संख्या ठरवतात आणि प्रत्येक आसनाची नोंद ठेवतात. खिडकीवर पडदा होऊन उतरणाऱ्या एअरबॅगा तर कित्येकदा जकार्ड मागावर अख्ख्या एका तुकड्यात विणतात. दोन थर, जिथे शिवण हवी तिथे विणीतच एक झालेले. आपल्या चादरीवर मोर उठवणारं तंत्र तिथे माणसाचं डोकं वाचवतं.

शेवटी, सोलापुरात बसून काय करता येईल. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचेच. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्याआधी विमानाचा कारखाना. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या गावात आहे. आपल्या एमआयडीसीतून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट परदेशातल्या इंजिनांत जातात. ओतताना कॅमच्या टोकाशी लोखंडाचा थंड तुकडा ठेवतात, तिथला रस झटकन गोठून कडक होतो, आतला गाभा मात्र चिवट राहतो. असा प्लांट बघायला मिळाला तर सोडू नकोस. ९,००० फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो, आणि ते सगळं या टोकाच्या वक्रावर चालतं. कॉलेजचा सुप्रा किंवा बाहाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धेचा, संघ असेल तर त्यात जा, आणि गाडी चालवायला नव्हे, सांगाडा आणि कूलिंग बघायला जा. पुण्यात एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. मध्य प्रदेशात पीथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणीकेंद्राची ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी आहे, तिथे स्पर्धेच्या निमित्ताने पोचलास तर चाचणीची शिस्त डोळ्यांनी बघून ये.

पण त्याआधी घरी हे कर. काचतंतूचं साधं विणलेलं कापड आण, चौरस मीटरला २०० ग्रॅमवालं, आणि थोडं एपॉक्सी. पीव्हीसीच्या पाइपला मेण लावून त्यावर दोन नळ्या कर. एकीत कापड सरळ गुंडाळ, दुसरीत तिरकं कापून, पंचेचाळीस अंशांवर. थर सारखे, वजन सारखं. वाळल्यावर एक टोक शिकंजात पकड, दुसऱ्याला पाना बांध आणि पान्याच्या टोकाला वजन टांगून किती पिळते ते मोज. तिरकी नळी साधारण दुप्पट ताठ निघेल. मग दोन्ही नुसत्या वाकवून बघ, निकाल उलटा येईल. आकडे वहीत लिही, फोटो नको. मुलाखतीला आलास तर मी ती वही आधी मागेन.

हातमोजे घाल, आणि घासताना मास्क लावल्याशिवाय बसू नकोस, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. रेझिनच्या डब्यावर लिहिलेली वेळ पंचवीस अंशांची असते. दर दहा अंशांना ती जवळजवळ निम्मी होते. डब्यावर अर्धा तास लिहिला असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी तुझ्या हातात आठ-नऊ मिनिटं उरतात. ते खोल ग्लासात कालवू नकोस, स्वतःच्याच उष्णतेने उकळतं. पसरट ताटलीत, थोडं थोडं घे. आणि काम पहाटे पाचला सुरू कर, माग सुरू व्हायच्या आत. धागा उडायला लागला की तो ओल्या रेझिनवर बसतो आणि मग निघत नाही.